ओढ्याच्या उगमावरची चार एकर

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त वनरक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. दम लागतो तो छातीला, डोक्याला नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण म्हाताऱ्याला भ्रम झाला होता असे थोरला मुलगा म्हणणारच.

१. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. जिन्याखालच्या खोलीवरून ते भांडतील, म्हणून ती धाकट्या सुनेला. आजारपणात माझे तिनेच केले, बाकीचे तब्येत विचारून गेले.

२. तोडायच्या झाडांवर खूण उठवायचा हातोडा लोहाराकडून वितळवून घ्यावा. खात्याने तो परत मागितला नाही, मीही दिला नाही.

३. ओढ्याच्या उगमावरची चार एकर जंगलजमीन. मी जिवंत असतानाच थोरल्याने लाकडाच्या कंत्राटदाराला ती फिरवून दाखवली. विचारले तर म्हणतो, "बाबा, झाडं काय वर घेऊन जाणार आहात?" नाही बाळा, पण तुलाही देणार नाही.

ही जमीन मी खालच्या वळणावरच्या तळेवालीला देतो. ती मासे पाळते आणि एकोणीस वर्षे माझ्याशी बोलत नाही. कारण आजवर कुठे लिहिले नव्हते. ओढ्याच्या काठापासून तीस पावलांत झाड तोडायचे नाही, असा नियम. मी भर उन्हाळ्यात खुणा करायला गेलो. पाणी करंगळीएवढे होते आणि मी गाढवाने पावले त्या पाण्यापासून मोजली. काठावरची एकेचाळीस झाडे गेली. पुरात काठ खचला, गाळ तिच्या तळ्यात उतरला, मासे पोट वर करून तरंगले. अहवालात मी 'अतिवृष्टी' लिहिले. ती चारचौघांत म्हणाली, "पाऊस दरवर्षी पडतो, भाऊ. झाडं यंदा पडली." मी तिलाच खोटे पाडले. त्याची लाज वाटते.

ती माफ करणार नाही, आणि मी त्यासाठी देतही नाही. मुलांना माझा लळा आहे, पण त्यांना पाणी नळाने येते. तिचे तळे या झाडांखालून येणाऱ्या पाण्यावर भरते. कंत्राटदाराला ती दारात उभा करणार नाही.

४. तिला निरोप धाडला होता. उत्तर आले, "जमीन घेते. मयताला येणार नाही." मला मान्य आहे. कोणी तिला बोलवायला जाऊ नये.

साक्षीदार: १. गल्लीतला शिंपी (सही). २. निवृत्त मुख्याध्यापिका (सही). दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

स्थळ: आमचे स्वयंपाकघर, दार आतून लावून. थोरला बाहेर बसला आहे.
दिनांक: नऊ मार्च.
(सही)