बाबांना तूच सांग

१४ मे

प्रिय बारके,

खुशाल असशील. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा खोकला गेला, माझं पोट मात्र सुटलंय. नव्या ऑफिसात तुला खिडकीजवळची जागा मिळाली, हे तिच्याकडूनच कळलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

एक बातमी आहे. वादळांच्या अंदाजासाठी संगणकावर बनवलेलं तुझं समुद्राचं मॉडेल आणि माझं हवेचं अखेर एकत्र चालू लागलं. आता वारा काही बोलला की समुद्र लगेच उलट उत्तर देतो. अगदी तुझ्यासारखा.

पूर्वी मी अंदाजाच्या पहिल्या सकाळचं पाण्याचं तापमान घ्यायचो आणि पुढच्या सगळ्या दिवसांना तेच पुरवायचो. तू घसा कोरडा करून सांगायचीस, समुद्र आंघोळीच्या बादलीसारखा असतो, वर कढत, खाली गार. वादळ पाणी ढवळतं आणि त्या गारव्यानं स्वतःच मवाळ होतं. मी म्हणायचो, संगणकाला दुप्पट वेळ लागेल, नसती ब्याद कशाला. तू इथली नोकरी सोडलीस तेव्हा अडवलंही नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षीची दोन्ही वादळं नव्यानं चालवून पाहिली. किनाऱ्याआधीच ती मवाळ झाली, प्रत्यक्षात झाली तशीच. आणि मी मात्र जुन्या अंदाजावर विसंबून दोन्ही वेळा बाबांना समुद्राकाठच्या घरातून हलवलं होतं. दुखरे गुडघे घेऊन ते शाळेच्या फरशीवर झोपले. परतले तर एक कौलही हललेलं नव्हतं. शेजारी अजून त्यांची थट्टा करतात.

मग त्याच वादळांखाली या महिन्याचा समुद्र घातला. या वर्षी गरम पाणी खूप खोलवर आहे गं. कितीही ढवळलं तरी खालून गारवा येत नाही. वादळं मवाळ झालीच नाहीत.

बाबांना सांगायला गेलो होतो. त्यांनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या वादळांपायी मी आता उंबरठा ओलांडणार नाही." जरा वेळानं म्हणाले, "बारकीनं सांगितलं असतं, तर विचार केला असता."

आकडे सोबत पाठवतोय. चूक सापडली तर मला खुशाल झाप. बरोबर असतील तर बाबांना फोन कर, पावसाळी हवा सुरू होण्याआधी त्यांना तुझ्याकडे घेऊन जा. माझं नाव मात्र काढू नकोस. मी सांगितलंय असं कळलं, तर ते निघणार नाहीत.

अजून म्हणवून घेता येत असेल तर, तुझा
दादा