पंधरा मिलीचं टोपण

सोम. १ डिसेंबर

आजपासून नववी ब मध्ये माझं नाव ऋतुजा नाही. टोपण. आहेर सरांची कृपा.

विज्ञानाचा तास. किलो, हेक्टो, डेका, मग डेसी, सेंटी, मिली, मायक्रो. अर्धा तास नुसतं म्हणून घेतलं, पहिलीच्या पोरांकडून पाढे घेतात तसं. मग सरांनी विचारलं, घरी पातळ वस्तू कशाने मोजता? सगळे शहाण्यासारखे म्हणाले, लिटरने सर, मिलीने सर. मी खरं सांगितलं. आमच्या बागेत औषध टोपणाने मोजतात.

"टोपण हे एकक नाही बाळा, ते झाकण आहे."

खो खो हसले सगळे. अर्ध्या वर्गाच्या घरी द्राक्षबाग आहे, सगळ्यांकडे टोपणच चालतं, आणि तेच जास्त हसत होते. सायली तर बाकावर डोकं ठेवून. तिच्या काकांच्या शेडमध्ये तीन टोपणं मी या डोळ्यांनी पाहिलीयेत.

आणि बाळा काय म्हणून?

मंगळ. २

पप्पांना सांगितलं. वाटलं चिडतील. हसले. "सरला म्हणावं ये बागेत. मिली-मिली करून मणी फुगत नाय."

आमचं टोपण पिवळं आहे. शेडमध्ये खिळ्याला, सुतळीने बांधलेलं. कुठल्या बाटलीचं ते आता कोणालाच आठवत नाही. नऊ वर्षं तेच. डिपिंगला, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, जीएच्या, पाण्यात घड बुडवतात तेव्हा, एका बादलीला एक टोपण जीए. जास्त नाही, कमी नाही. दसऱ्याला आई कात्रीबरोबर, पंपाबरोबर त्यालाही कुंकू लावते.

विचारलं, त्यात मावतं किती? पप्पा : "टोपणभर."

म्हणजे तिकडे सर टोपणाला हसणार आणि इकडे पप्पा मिलीला. मधे मी.

शुक्र. ५

आज न विचारता टोपण शाळेत नेलं. सुतळी सोडून, कंपासपेटीत घालून.

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत मोजपात्र घेतलं. टोपण काठोकाठ भरून ओतलं. १५ मिली. परत केलं. १५. तिसऱ्यांदा सरांसमोर. १५!! एक थेंब इकडे-तिकडे नाही.

तिथल्या तिथे पाठच्या पानावर गणित केलं. पप्पा १ ग्रॅमची जीएची पुडी २५ मिली स्पिरिटमध्ये विरघळवतात. म्हणजे १ मिलीत ४० मिलिग्रॅम. टोपणात ६००. बादली १५ लिटरची. लिटरला ४० मिलिग्रॅम. बागेचे सल्लागार येतात ते दरवर्षी ४०च सांगतात. म्हणजे पप्पा नऊ वर्षं बरोबर आहेत आणि त्यांना माहीत नाही.

सरांनी वहीतली एकेक ओळ तपासली. मग म्हणाले, हे सोमवारी सगळ्या वर्गाला दाखवू, राहू दे कपाटात. मी ठेवलं. फुगले होते ना मी. डिपिंग मंगळवारी, सोमवारी संध्याकाळी खिळ्याला परत लावू, कोणाला कळणार पण नाही.

शनि. ६

सगळं माझ्यामुळे. आणि सगळ्यांमुळे.

सकाळची शाळा. एक वाजता घरी आले तर डिपिंग चालू. सल्लागार सकाळी येऊन गेले, मणी चार मिलिमीटर झालाय, मंगळवारपर्यंत थांबू नका म्हणाले. सुरगाण्याच्या मजूर बाया शेजारच्या बागेत होत्याच, त्यांना बोलावलं. बाया प्लास्टिकचे मग हातात घेऊन एकेक घड बुडवत होत्या आणि पप्पा बादलीत जीए टाकत होते, पांढऱ्या टोपणाने. सात ओळी झालेल्या.

आईने सांगितलं सकाळपासून काय तमाशा झाला. पिवळं सापडेना. पप्पांनी शेड उलथीपालथी केली आणि मग सगळ्यांसमोर हिरामावशीला बोलले, "तुझ्या पोरानं खेळायला नेलं असंल." हिरामावशी त्या बायांची मुकादम. तिचं पोर चार वर्षांचं आहे, दिवसभर झोळीजवळ बसून असतं.

मी तरी लगेच बोलले का? नाही. आधी घरात जाऊन खोकल्याच्या औषधाची खुणांची वाटी आणली, शेडमध्ये पडलेलं तसलंच दुसरं पांढरं टोपण पाण्याने भरून मोजलं. दहा, दहा आणि पाच. पंचवीस मिली. म्हणजे लिटरला ४० नाही, ६६च्या वर. रंग सोडला तर दिसायला दोन्ही टोपणं सारखीच.

मग सांगितलं. सगळं. बायांसमोरच.

पप्पांनी मारलं नाही. बादली लाथेने पाडली. "शाळेत? टोपण शाळेत कशाला न्यायचं असतं गं?" मला बोलायचं होतं की मी विचारलं तेव्हा तुम्ही मिली सांगितलं असतं तर नेलं नसतं.

हिरामावशी हातातला मग तिथेच खाली ठेवून म्हणाली, "मंग माझ्या पोराचं नाव कशाला घेतलं?"

पप्पांनी पाडलेली बादली उचलून परत भरली. उरलेल्या अकरा ओळी खोकल्याच्या वाटीने झाल्या. वाटी मी धरली होती.

रवि. ७

हिरामावशीकडे गेले, माफी मागितली. ती भाकरी थापत होती. वर बघितलंच नाही. "तू कशाला आली? ज्यानं बोललं त्यानं यावं."

पप्पांना येऊन सांगितलं. पेपर वाचत बसले. इतका राग आलाय की वहीचं पान फाटलं.

सोम. ८

सरांनी टोपण दाखवलं. पुढे बोलावलं, टाळ्या वाजवायला लावल्या. "पारंपरिक मापातही शास्त्र असतं," वगैरे वगैरे. सायली सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. मला ते टोपण त्यांच्या टेबलावर आपटावंसं वाटलं.

तासानंतर सांगितलं काय झालं ते. म्हणाले, "अगं, पण तू घरी विचारून आणायला हवं होतंस."

बरोबर आहे त्यांचं. त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

टोपण परत आणून खिळ्याला बांधलं. पप्पांनी पाहिलं.

शुक्र. १२

शाळेआधी मणी मोजते रोज. भोकांची प्लास्टिकची पट्टी असते, मणी ज्या भोकात बसेल तो आकडा. कोणी सांगितलेलं नाही, मीच. चुकलेल्या सात ओळी संपतात तिथे लाल दोरा बांधलाय.

सात ओळी : साडेपाच मिमी. अकरा ओळी : पाच.

आई खूश. "बघ, मोठाच झाला की!" पप्पा मणी बघतच नाहीत. देठ बघतात.

मंगळ. १६

सात ओळी : सात मिमी. अकरा ओळी : सहा. सात ओळींचा देठ जाड झालाय. पप्पांनी एक घड वाकवून बघितला, वाकेना. सोडून दिला आणि पुढच्या ओळीत गेले.

सल्लागार आले होते. म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही. मणी चांगला निघेलही. नाहीतर घड ताठ राहील, पेटीत बसवताना मणी गळतील. फेब्रुवारीत काढणीला कळेल. म्हणजे दोन महिने रोज सकाळी मी तो दोरा बघायचा.

पुढच्या सोमवारी घटक चाचणी आहे. मापन आणि एकके, २० गुण. हसू येतं. नाही, येत नाही.

रवि. २१

दुसरं डिपिंग उद्या. मणी दुसऱ्या डोसाएवढा झालाय.

दुपारी पप्पा हिरामावशीच्या पालावर गेले. मी लांबून मागे गेले, बोलावलं नव्हतं तरी. पप्पा उभेच होते. म्हणाले, "बाई, चूक आमच्या घरातली होती. तुझ्या पोराचं नाव घेतलं, ते नाय घ्यायला पाहिजे होतं." पंधरा दिवस लागले त्यांना. हिरामावशीने पोराला पुढे केलं. "त्याला सांगा." आणि पप्पा खरंच खाली बसले त्या पोरासमोर. त्याला काय कळणार, ते पप्पांच्या खिशातला पेन ओढत होतं.

परत येताना मला म्हणाले, "उद्या शाळा नाय. बादलीपाशी तू."

म्हटलं, उद्या चाचणी आहे. शिक्षा आहे का ही?

"सात ओळींना किती टाकायचं ते सांग आधी."

मला नाही माहीत. सल्लागार म्हणाले निम्मं टाका, नाहीतर टाकूच नका, तुमच्या जबाबदारीवर. निम्मं म्हणजे साडेसात मिली, ते मला मोजता येतं. पण टाकायचं का, हे कुठल्या तक्त्यात आहे? तसं म्हटलं पप्पांना, चिडूनच. ते म्हणाले, "मला पण नाय माहीत. म्हणून तर तुला इचारतोय."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ती शाळेत जाणार." पप्पा शेडकडे निघून गेले.

नऊ वर्षांत त्यांनी घरात कोणाला विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते असं. वीस गुण बुडवून.

दप्तर भरून ठेवलंय. खोकल्याची वाटी धुऊन बादलीत ठेवलीये. टोपण खिळ्याला आहे. बाया सात वाजता येतात, शाळेची गाडी सव्वासातला.