नववी ब ऑनलाइन आहे

६ जानेवारी

मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये बाँब टाकला. पुढच्या महिन्यात तपासणीचे साहेब येणार. एका कंपनीच्या रेकॉर्डेड तासांचा करार बाईंच्या टेबलावर तयार पडला आहे. ज्या विषयात मुलांचा डिजिटल सहभाग दिसणार नाही, तो विषय पडद्यावरचा मास्तर शिकवेल. हे सांगताना बाई सगळ्यांकडे बघत होत्या, पण थांबल्या माझ्यापाशी.

म्हणजे इतिहास. म्हणजे माझी नववी ब.

संकल्प: महिन्याभरात शाळेतला सर्वांत डिजिटल शिक्षक व्हायचं. मला काय अवघड? घरातला राउटर मीच बंद करून चालू करतो.

७ जानेवारी, संध्याकाळ

कॉम्प्युटरच्या मॅडमनी ऑनलाइन वर्ग उघडून दिला. पाठ टाकायचा, प्रश्न टाकायचा, मुलं उत्तरं देतात, आपण बसल्या जागी बघायचं. त्या म्हणाल्या, लिंक मुलांच्या ग्रुपवर टाका आणि गेली का ते तपासा. तपासायचं काय? बाण दाबला की जाते.

बसस्टॉपवर उभ्या उभ्या पाठवली. चष्मा डब्याच्या पिशवीत होता, पण बोटांना सवय आहे. घरी पोचेपर्यंत एक 'खूप छान' आणि एक हात जोडलेलं चित्र. नववी ब इतकी संस्कारी आहे हे इतके दिवस कळलंच नव्हतं.

जेवताना ही म्हणाली की आत्याचा फोन आला होता, तुझी लिंक दाबली तर बँकेतले पैसे जातात का विचारत होती. मी म्हटलं, आत्याला सगळीकडे चोरच दिसतात. विषय संपवला.

९ जानेवारी

काल रात्री पहिला पाठ चढवला: औद्योगिक क्रांती. स्लाइड हलतात, यंत्रं धडधडतात, शेवटी धूर निघतो. पहाटे उघडून बघतो तर एक जण हजर! नावाच्या जागी फक्त 'एक विद्यार्थी'. लिहिलंय:

'पाठ वाचला. समाधान वाटले. अकराव्या स्लाइडवर दोन शोधांचा क्रम उलटा झाला आहे. सवडीने तपासावे.'

बरोबर आहे त्याचं. ती चूक मी मुद्दामच ठेवली असणार.

वर्गात बाकीच्यांना खडसावलं. सगळे एका सुरात म्हणाले की लिंक आलीच नाही. थापा मारायच्या तर निदान वेगवेगळ्या माराव्यात! जाहीर केलं, यापुढे जो लिंकचं निमित्त काढेल तो वर्गाबाहेर. तेव्हापासून कुणी चकार शब्द काढला नाही. शिस्त लागली.

१३ जानेवारी

अण्णांनी विचारलं, शाळेत नवीन काय. अण्णा माझे वडील, तेही इतिहासाचेच मास्तर. हयात खडूत गेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आतल्या खोलीत असतात, हातात माझा जुना, कोपरा फुटलेला फोन. मी म्हटलं, अण्णा, आता सगळं डिजिटल आहे, तुम्हाला सावकाश सांगेन. वेळ कुठे आहे?

मग त्यांनी मधेच विचारलं, फोनवर प्रश्नचिन्ह कुठे असतं. दाखवलं. या वयात कुणाला प्रश्न विचारणार आहेत, देव जाणे.

१४ जानेवारी

'एक विद्यार्थी' पुन्हा, पहाटेच. 'यंत्रमाग आला तेव्हा हातमागावरच्या विणकरांचे काय झाले? त्यांना पुढे कुणी विचारले का???'

तीन प्रश्नचिन्हं. उत्साही पोरगा आहे. मी उत्तर दिलं: प्रश्न चांगला, पण अभ्यासक्रमाबाहेरचा.

१७ जानेवारी

मोठ्या बाईंनी बोलावलं. सहभाग किती, म्हणाल्या. तिथल्या तिथे मोबाइल उघडून दाखवला. हिरवं वर्तुळ, आत ठळक अक्षरांत १००%. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. गणितवाल्यांचे चाळीसच आहेत, म्हणाल्या.

ज्याने नाव नोंदवलं त्याने प्रत्येक पाठाला उत्तर दिलं, तर शंभर टक्केच होणार. नोंदवणारा एकच आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि आगाऊपणा करणं माझ्या स्वभावात नाही. बाईंनी लगोलग साहेबांना कळवलं की नमुना तास इतिहासाचा बघावा, नववी ब मध्ये.

स्टाफरूममध्ये माझ्यासाठी खुर्ची सरकवण्यात आली. मी मात्र तिच्या कडेवरच बसून राहिलो. आनंदानेच असावं.

२० जानेवारी

हा पोरगा कोण? साहेबांसमोर उभा करायला हवा. पहिल्या बाकावरची चष्मेवाली असेल म्हणून तिची पाठ थोपटली, म्हटलं, पहाटेचा अभ्यास चालू ठेव. ती रडवेली झाली. ती नव्हे.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. शेवटच्या बाकावरचा झोपाळू! पहाटे उठून अभ्यास करतो, म्हणून वर्गात झोपतो. आणि मी मूर्खासारखा त्याला उठवत होतो. आजपासून झोपू दिला. वर्गात बोलताना आवाजही खाली ठेवला.

२४ जानेवारी

कॉम्प्युटरच्या मॅडम म्हणाल्या, नमुना तासाआधी एकदा सगळ्या मुलांना आत घेऊन बघू या का. स्पष्ट नकार दिला. लोकांना दुसऱ्याचं हिरवं वर्तुळ बघवत नाही.

२८ जानेवारी

पडलो की डोळ्यांपुढे साहेब येतात. नववी ब गेली तर काय करायचं? स्टाफरूममध्ये कुजबुज आहे की मला ग्रंथालयात पाठवणार, पुस्तकांना नंबर चिकटवायला. शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. हे कुणाला बोललो नाही, इथे लिहून ठेवतो.

जेवताना अण्णांनी विचारलं, इतका घास का अडतोय. मी म्हटलं, काही नाही, नववी ब फार पुढे गेली आहे, तिच्या वेगाने धावावं लागतं. अण्णा काहीतरी बोलणार होते, पण मी उठलो.

रविवारी बसून नमुना तासाचा मुख्य प्रश्न तयार केला: यंत्र आलं तेव्हा जुन्या कारागिरांचं काय झालं? अत्यंत मूलगामी प्रश्न. मला कसा सुचला कोण जाणे.

३ फेब्रुवारी, सकाळ

आज नमुना तास. हिने इस्त्री केलेला शर्ट दिला. अण्णांनी विचारलं, तास किती वाजता, मी चौथ्या तासाला म्हटलं आणि धावलो. सगळी तयारी चोख आहे. आज इतिहास घडणार.

३ फेब्रुवारी, दुपार, ग्रंथालय

घडला.

क्रमाने लिहितो, म्हणजे मन शांत होईल. साहेब आणि मोठ्या बाई शेवटच्या बाकाशेजारी खुर्च्यांवर. मोठ्या पडद्यावर वर्ग उघडला. हिरवं वर्तुळ झळकलं. साहेब म्हणाले, वा. मी मुख्य प्रश्न टाकला. साहेब म्हणाले, मुलांना शाळेचे टॅब द्या, उत्तरं इथेच बघू.

टॅब वाटले. मुलं नुसती टॅबकडे बघत बसली. साहेबांनी चष्मेवालीला विचारलं, वर्ग उघडत का नाहीस. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घालून सांगितलं की लिंक कधी आलीच नाही, आणि तसं म्हटलं तर सर वर्गाबाहेर काढतात.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी हसलो. म्हटलं, काही मुलं लाजतात, पण आमचा हिरा बघा. झोपाळूला नाव घेऊन उभं केलं. तो दचकून उठला आणि म्हणाला की पाणी प्यायला जाऊ का.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. एक विद्यार्थी लिहीत आहे...

सगळ्या वर्गाने माना वळवून एकमेकांचे हात बघितले. कुणीच लिहीत नव्हतं. पडद्यावरचे तीन ठिपके थांबत होते, पुन्हा नाचत होते. एका बोटाने टाइप करणारा माणूस लगेच ओळखू येतो. माझ्या घरात एक आहे. प्रोजेक्टरचं बटण सापडेना.

उत्तर आलं:

'कारागीर घरी बसले. हात शाबूत होते, पण हातांना विचारणारे कुणी नव्हते. काहींनी रागाने यंत्रे फोडली. बाकीच्यांनी यंत्र समजून घ्यायचा प्रयत्न केला, कारण पोटची पोरे त्याच यंत्रावर कामाला होती.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. विचारलं, हा विद्यार्थी कोण. मी तोंड उघडलं, तर खाली दुसरी ओळ:

'ता. क. डबा ओट्यावरच राहिला आहे. सूनबाईंनी आठवण करून द्यायला सांगितले. चौथा तास संपल्यावर काहीतरी खाऊन घे.'

नववी ब हसायला लागली ती थांबेना. झोपाळू सगळ्यांत जोरात हसत होता, पूर्ण जागा होता. साहेब म्हणाले, हे पालक आहेत वाटतं. मी म्हटलं, हो. माझे.

बाईंनी खोलीत बोलावून थोडक्यात सांगितलं. सोमवारपासून नववी ब ला कंपनीचे तास. मी वर्गात बसायचं, पडदा चालू करायचा, बंद करायचा. उरलेला वेळ ग्रंथालय.

कॉम्प्युटरच्या मॅडमनी माझा फोन तपासला. लिंक गेली होती, व्यवस्थित गेली होती, घरच्या ग्रुपवर. 'खूप छान' मावसभावाचं. हात जोडलेले होते ते आत्याने.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

घरी गेलो तो तावातावातच. अण्णांना विचारलं, हा काय पोरखेळ. त्यांनी फोन उशीखाली सारला, पोरं चिठ्ठी लपवतात तसा. मग म्हणाले की नाव नोंदवताना विचारतात, शिक्षक, विद्यार्थी की पालक. शिक्षक आता ते राहिले नाहीत. पालक म्हणून आले असते तर मला राग आला असता. उरलं काय?

मी म्हटलं, वर्गात तुम्ही एकटेच आहात हे दिसत नव्हतं का. दिसत होतं, म्हणाले. सांगणार होते. पण मी जेवताना नववी ब चं इतकं कौतुक करायचो की त्यांना वाटलं, निदान पहिल्या बाकावर तरी कुणी बसलेलं असावं.

विणकरांचं मला घरीच विचारायचं, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाले की घरी मला वेळ नसतो. वर्गात निदान उत्तर तरी आलं, अभ्यासक्रमाबाहेरचं आहे म्हणून.

त्यांच्यासमोर बसून सकाळचा डबा खाल्ला.

संकल्प: ऑनलाइन वर्ग कायमचा बंद करायचा.

४ फेब्रुवारी

बंद करायला म्हणून उघडला. उघडलाच होता, म्हणून नवीन पाठ चढवला: विणकरांचं पुढे काय झालं. पूर्ण अभ्यासक्रमाबाहेरचा. एका स्लाइडवर एक चूक ठेवली, या वेळी खरोखरच मुद्दाम, त्यांना सापडावी म्हणून.

५ फेब्रुवारी, पहाट

सापडली त्यांना. शिवाय मी न ठेवलेल्या तीन सापडल्या. खाली लिहिलंय, 'प्रगती आहे. सवडीने तपासावे.'