नाचणीचा दोष नाही

सौ. शेवंता, सौदीतल्या अबकैकहून आशीर्वाद.

फोनवर माझ्या बीपीच्या गोळीबद्दल सांगताना मी कॅल्शियम म्हणालो आणि नाचणीत ते असतं म्हणून तू पीठ पाठवायचं थांबवलंस. चूक! मी वाचून खात्री केली आहे. नसांचा इशारा आला की हृदयाच्या पेशींत कॅल्शियम जास्त शिरतं, ठोका जोरात पडतो. माझी गोळी तो इशाराच अडवते. नाचणीचा दोष नाही.

काल साहेबाने बोलावलं. माझ्या जागी इथलाच माणूस घेतलाय, माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढणार नाही. गोळीमुळे छातीत साधं धडधडलंही नाही. साहेब म्हणाला, "वा केरूभाई, कितने आराम से सुन लिया!" त्याला वाटलं, मला काहीच वाटलं नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला एवढ्यात सांगू नकोस.

पीठ आता पाठवू नकोस. घरी येऊनच खाईन.

तुझा,
केरू