अंगदच्या हरभऱ्यातली माशी

९ फेब्रुवारी, रविवार
कंधारजवळ मेव्हण्याच्या हरभऱ्यात आज माशी दिसली. साधी नाही, परजीवी. ही हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीच्या अंगावर अंडी घालते, आतली पिल्लं अळीचा फडशा पाडतात. फोटोत डोकं कापलं गेलं, पण ऐट कळते. कीटकांच्या साइटवर टाकला. बहुतेक मराठवाड्यातली पहिलीच नोंद.
अंगद उद्या फवारणार होता. बजावलं, थांब, आपलं सैन्य मरेल. म्हणाला, दाजी सायन्सचे मास्तर हायत, म्हणतेत तर थांबतो.

१३ फेब्रुवारी, मधली सुट्टी
साइटवरच्या तज्ज्ञांचं उत्तर: फोटो धूसर. पाठीवरचे केस, पंखाच्या शिरा दिसत नाहीत. ‘माशी’ एवढंच सांगता येईल. एवढं तर मीही सांगितलं असतं.
चैन नाही. नववीला स्वाध्याय दिला आणि अहमदपूर-कंधार गाड्यांच्या वेळा बघितल्या.

१६ फेब्रुवारी
माशी बसत नाही. वाकलो की उडते. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं पाय चुरचुरतायत. राजकन्या म्हणाली, घरात काय कमी माशा हायत? संशोधकाच्या बायकोनं असं बोलू नये.

१९ फेब्रुवारी
सुट्टी. परत शेत. युक्ती सुचली. पानांवर गुळाचं पाणी शिंपडलं. माश्याच माश्या! मोबाइल भरला.
अंगदला दाखवलं, बघ, सैन्य वाढलं. म्हणाला, दाजी, अळी बी लई वाढून राहिली. फवारू का? म्हटलं, सैन्याला शिधा नको का?

२५ फेब्रुवारी
नवे फोटो साइटवर टाकलेत, उत्तर नाही. फळ्याकडे तोंड करूनही मोबाइलच बघतो. अंगदचे फोन येतायत. उचलले नाहीत. निकालाआधी बोलणं शास्त्रात बसत नाही.

२ मार्च
उत्तर आलं. सगळ्या घरमाश्या. गुळावर आलेल्या. पहिल्या फोटोचं काहीच ठरलं नाही, म्हणजे माझा दावा अजून उभा आहे. तरी जेवण गेलं नाही. अंगदला फोन करायला हवा. उद्या नक्की.

१३ मार्च, होळी
फोन राहूनच गेला. अंगद सणाला स्वतः आला. पुरणाला डाळ दरवर्षी त्याच्या शेतातली असते. यंदा हात हलवत आला. घाटे पोकळ निघाले म्हणे, बियाण्यापुरतंही नाही. राजकन्येनं दुकानातली डाळ शिजवली.
अंगदनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. शेजारी जेवायला बसला. त्याच्या पोळीवर माशी बसली. त्यानं हात उगारला, माझ्याकडे बघितलं आणि हात तसाच धरून अगदी खरं विचारलं, दाजी, मारू का हिला?
फार लाज वाटली. मार म्हणालो. तोवर ती उडाली होती.