कमळावहिनींचे ओठ

प्रिय दिलीपकाका,

'प्रिय' हा शब्द पद्धत म्हणून लिहिला आहे. मी तुमच्यावर रागावले आहे. ते सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

शनिवारी मंडळाचा विक्रांत घरी आला होता. यंदाच्या गणेशोत्सवात तुमचे आणि बाबांचे 'कमळावहिनी आणि विमलवहिनी' हे प्रहसन आहे म्हणाला. विमलवहिनी तुम्हीच, पण बाबांची कमळावहिनी प्रतीक करणार. बाबांना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ द्यायचे ठरले आहे. "काकांना कुछ करना नहीं है, बस बैठना है," असे तो बाबांच्या समोरच आईला म्हणाला. जणू आवाजाबरोबर बाबांचे कानही काढले आहेत. प्रतीकला तुम्हीच घेतलेत, हेही त्याच्याकडूनच कळले.

लहानपणी मला वाटायचे की सगळ्यांचेच वडील भाद्रपदात मिशी काढतात. शिवाजी नगरच्या क्वार्टरांमागची भिंत म्हणून दोन बाकांवर चादर टाकायची, तिच्या अल्याडपल्याड लुगडी नेसून तुम्ही दोघे मेथी निवडायचात. "अगं विमल, सक्सेनांच्या सुनेला म्हणे..." आणि पुढचा शब्द बाबा नुसते ओठ हलवून म्हणायचे. तुम्ही छातीवर हात मारून "अगं बाई! आणि सासूला ठाऊक आहे?" तो शब्द कधीच कुणाला ऐकू आला नाही, तरी मराठीचा गंध नसलेले गुप्ताजीसुद्धा डोळे पुसत असायचे. पुढे विक्रांतने फोनवर इंग्लंडच्या टीव्हीवरचे जुने काहीतरी दाखवले होते, आठवते? दोन पुरुष, फ्रॉक घालून, तशाच कुचाळक्या करणारे. बाबा म्हणाले होते, "दिल्या, यांची भिंत आपल्यापेक्षा बरी आहे."

तो शब्द तालमीत कधी ठरलेला नसायचा, हे प्रेक्षकांना माहीत नव्हते, मला होते. बाबा आयत्या वेळी मनात येईल ते म्हणायचे आणि तुम्ही ओठांवरून वाचायचात. एका वर्षी ते सुनेबद्दल नव्हे, 'तुझ्या पोलक्याचा हूक सुटलाय' असे म्हणाले. तुम्ही "अगं बाई!" म्हणत पाठ फिरवलीत, तेव्हा मंडप कोसळायचाच राहिला होता.

फेब्रुवारीत बाबांचे स्वरयंत्र काढले. तुम्ही हॉस्पिटलमध्ये दारापर्यंत आलात आणि परत गेलात. नंतर आईला फोनवर म्हणालात, "वहिनी, मला त्याला असं बघवत नाही." आईने ते मान्य केले. मी केले नाही. ज्या माणसाला बाबांचे बोलणे बघूनच ऐकू यायचे, त्याने नेमके बघणेच सोडून दिले. तुमच्या गोविंदपुऱ्याहून आमचे घर लांब नाही. रोज सकाळी फुलांचे फोटो मात्र न चुकता पाठवता.

बाबा पाटीवर लिहितात. चहा. पंखा. औषध झाले. गरजा लिहिता येतात, विनोद लिहिता येत नाही. ते पाटी फिरवून धरेपर्यंत त्यातला जीव गेलेला असतो. म्हणून विनोद ते अजून ओठांनीच करतात. आई घाबरून विचारते, "काय हो? पाणी हवंय?" मग ते 'काही नाही' लिहितात. मी कारखान्यात दाबमापके तपासते, चुका शोधणे हे माझे कामच आहे. मी त्यांच्या ओठांचे व्हिडिओ घेऊन वेग कमी करून पाहिले. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. यापुढे माझी मजल गेली नाही.

विक्रांत गेल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिले. कमळावहिनी लावायची तसे हनुवटीला बोट लावले आणि एक लांबलचक वाक्य म्हटले. डोळे हसत होते, म्हणजे ते माझ्याबद्दलच असणार. मग ते थांबले. तुमच्या 'अगं बाई'साठी जेवढा वेळ सोडायचे, तेवढेच थांबले. मी नुसती उभी राहिले. त्यांनी पाटी उचलली आणि काही न लिहिता पुसली.

प्रतीकला नाही म्हणून सांगा. कमळावहिनीला आवाज कधी लागलाच नव्हता, तिला तुम्ही लागता. शाल कुणालाही द्या. तुम्हाला बघवत नसेल तर रडत बघा, पण येत्या रविवारी घरी या. ते माझ्याबद्दल काय म्हणाले, तेही मला कळले पाहिजे. मी रागावलेलीच असेन. चहा आई देईल.

हे मी फोनवरही सांगितले असते, पण फोनवर माझा आवाज चढला असता आणि तो बाबांना ऐकू गेला असता. त्यांना यातले काही माहीत नाही. त्यांनी आज सकाळी, कुणी न सांगता, मिशी काढली आहे.

तुमचीच,
शर्वरी