हरकती : एकही नाही

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता कचेरीत छापून घेतला. दादा बरा आहे. रक्तदाब वर-खाली होतो, गोळ्या वेळेवर घेतो म्हणतो. स्वयंपाक स्वतः करतो आणि जेवताना स्वतःवरच चिडतो. गॅलरीतल्या तुझ्या कुंड्यांना मी रविवारी जाऊन पाणी घालते. दोन झाडं गेली. बाकीची तग धरून आहेत.

माझं काय, तेच. शाळा मंडळाची कचेरी, टपाल, दर महिन्याची सभा, सभेचं इतिवृत्त. अध्यक्ष अजून तेच, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. निवृत्त इंजिनिअर अजूनही प्रत्येक नियमातले स्वल्पविराम तपासतात. आठ महिन्यांनी मी निवृत्त होईन. गुडघे बोलायला लागलेत.

इतकं लिहून मी उठले, चहा केला, तो गार होऊ दिला. आता मुद्द्यावर येते. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी क्रमानेच लिहिते. क्रम सोडला तर मी मध्येच पळ काढीन.

औषधांचा तो नियम मंडळात कुणीच लिहिला नव्हता. वकिलांनी दुसऱ्या जिल्ह्याचा मसुदा उचलून पाठवला. तिसऱ्या कलमात त्या जिल्ह्याचं नाव तसंच राहिलं होतं. इंजिनिअरांनी ते पकडलं आणि किती बारकाईने वाचता म्हणून सगळ्यांनी त्यांची तारीफ केली. मुलांची सगळी औषधं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटात राहतील, किल्ल्या दोनच, एक मुख्याध्यापकांकडे, एक नर्सकडे, या कलमावर मात्र कुणी बोललं नाही. तू चार शाळांना मिळून एक नर्स होतीस, हे मंडळानेच आदल्या वर्षी ठरवलं होतं. ते कुणाला आठवलं नाही. मला आठवलं होतं.

पहिलं वाचन झालं. हरकतींसाठी तीस दिवस दिले. नोटीस मीच फलकावर लावली.

शेवटच्या दिवशी, टपाल घ्यायची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता, तेव्हा तुझं पत्र आलं.

हो वहिनी, आलं होतं.

मी त्यावर आवक शिक्का मारला, तारखेसकट. सवयीने हात चालला. मग खालची सही पाहिली. आवक नोंदवही समोर उघडी होती. मी ती मिटली आणि पत्र माझ्या खणात टाकलं.

का, ते तू विचारशीलच. आई जायच्या आधी तिच्या गोळ्यांचा घोळ मी केला होता, दुपारची गोळी दोनदा दिली होती. तू मावशी, मामा, सगळ्यांच्या देखत मला म्हणालीस, "वहीत लिहून ठेवायला सांगितलं होतं ना? एवढंही जमत नाही तुला?" तुझं बरोबर होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. आई त्या गोळीने गेली नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि तूही सांगितलंस. तरी पुढे वर्षभर आपण एकमेकींशी दादामार्फत बोलत राहिलो. तुझं पत्र हातात आलं तेव्हा मनात एवढंच आलं की आपलं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही की कसं वाटतं, ते हिलाही कळू दे.

इतकं क्षुद्र कारण होतं. यापेक्षा मोठं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या वाचनाला अध्यक्षांनी विचारलं, "हरकती?"

मी म्हटलं, "एकही नाही."

सहा मिनिटांत नियम मंजूर झाला. इतिवृत्तातही तेच लिहिलं, माझ्या सहीने.

तुझं पत्र पुढे ठेवलं असतं तरी त्यांनी ते बाजूला सारलं असतं, असं मी दोन वर्षं स्वतःला समजावत आले. कदाचित सारलंच असतं. पण ज्या मुलांना जिवावरची ॲलर्जी आहे त्यांचं इंजेक्शन वर्गशिक्षकांच्या हाताशी हवं, हे तुझं वाक्य त्यांना आधी वाचावं लागलं असतं. न वाचता नाकारायची सोय मी करून दिली.

त्या गुरुवारी काय झालं ते तुला पाठ असेल. सुताराच्या चौथीतल्या मुलीला मैदानात गांधीलमाशी चावली. तू तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे तिसऱ्या शाळेत होतीस. मुख्याध्यापिका किल्लीसकट आमच्याकडे, सुरक्षा धोरणाच्या प्रशिक्षणाला. मी त्यांना चहा दिला होता. खेळाच्या सरांनी शेवटी बाकाच्या पायाने कपाट फोडलं, तोवर उशीर झाला होता.

चौकशीत तू म्हणालीस, "मी लेखी कळवलं होतं." फाइल मागवली गेली. फाइल मीच नेली. 'नर्सने धोक्याची पूर्वसूचना दिल्याचे आढळत नाही,' असं अहवालात आलं आणि तुला काढलं. मंडळ सुटलं, कारण हरकतच आली नव्हती.

त्या आठवड्यात दादा माझ्याकडे आला. चप्पलही न काढता दारातच उभा राहिला. "खरं सांग, हिचं पत्र आलं होतं का?"

"नाही आलं, दादा."

तो घरी जाऊन तुला काय म्हणाला, ते त्यानेच नंतर मला सांगितलं. "टाकायचं राहून गेलं असेल तुझ्याकडून. होतं असं." तू तुझी बॅग भरलीस ती त्या वाक्यामुळे, आणि ते वाक्य त्याच्या तोंडी मी दिलं होतं.

गेल्या महिन्यात मी पत्र अध्यक्षांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग केबिनचं दार लावलं. "बाई, पुढच्या सभेत नियम फेरआढाव्याला येतोय. बदलून टाकू. हे उकरून मंडळाला कोर्टात उभं करायचंय का? तुमचे नऊ महिने राहिलेत, शांतपणे काढा." मी पत्र पर्समध्ये घालून बाहेर आले.

सुतार अजून प्रत्येक सभेला येतो. नागरिकांसाठी तीन मिनिटं असतात, यादीत तो पहिलं नाव लिहितो. उभा राहून एकच विचारतो, "किल्ली कुठे होती?" उत्तर देण्याचा नियम नाही. तो उरलेली मिनिटं उभाच राहतो. वेळ संपली की घंटी वाजवायची असते, ती मी वाजवते. गेल्या सभेतही वाजवली.

पत्र सोबत जोडलं आहे, शिक्क्यासकट, अस्सल. मी प्रत ठेवलेली नाही. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मंडळापुढे जाण्याची मला हिंमत होत नाही. माफी मागण्याचा अधिकार उरलेला नाही, तरी मागते.

जिच्यावर तू विश्वास ठेवायला नको होतास, ती
तुझी नणंद


१५ फेब्रुवारी

तुमचं पत्र मिळालं.

माझं हरकतीचं पत्र परत पाठवते आहे. ते मी मंडळाला लिहिलं होतं. दोन वर्षं ते पोचवायचं राहिलं आहे, ते काम तुमचं. मी एक प्रत काढून ठेवली आहे, कारण आता तुमच्या खणावर माझा भरवसा नाही.

हिंमत होत नाही, असं लिहिलंत. मला बडतर्फीचा कागद घ्यायला बोलावलं, तेव्हा त्या मुलीची आई व्हरांड्यात बसली होती. तिच्यासमोरून चालत जाऊन मी सही केली. हिंमत मलाही होत नव्हती.

सुताराला मी काही सांगितलेलं नाही. २७ तारखेच्या सभेत नागरिकांच्या यादीत तुमचं नाव तुम्ही स्वतः लिहा, त्याच्या आधी, आणि तो बसलेला असताना बोला. मी मागच्या रांगेत असेन. तुम्ही उठला नाहीत तर मी उठेन.

तुमच्या भावाला मी काही कळवणार नाही. पत्र आलं होतं का, हे त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. मला विचारलं नव्हतं.

कुंड्यांना पाणी घालायची गरज नाही. मी परत येणार नाही.

वहिनी म्हणून सही करवत नाही, म्हणून हुद्दा लिहिते.

नर्स, चार शाळा